हयातीचा दाखला
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला बजावलंय, 'पाच मिनिटं बोल आणि हसव. रडवणारी भाषणं पुष्कळ झाली.' हसवायला मला लांब जावं लागत नाही. मी कर्जतचा आहे, एवढं पुण्यात सांगितलं तरी पुरतं. 'वा, म्हणजे लोकलनं जाता का?' नाही हो, ते रायगडचं कर्जत. आमच्या गावात रेल्वेचा रूळच नाही. तिकडं माथेरान, इकडं रेहेकुरीची काळविटं. ४१४४०२ असा ठळक पिनकोड टाकूनही माझं एक पार्सल आधी माथेरानच्या पायथ्याची हवा खाऊन मगच घरी आलं.

या हसण्याची सवय आपल्याला पाण्यानं लावली, असं मला वाटतं. आपला तालुका कुकडीच्या डाव्या कालव्याच्या शेपटाकडं. आवर्तन सुटल्याची बातमी आधी येते, पाणी मागून, तेही वाटेत पारनेर-श्रीगोंद्याचा पाहुणचार घेऊन. माझे वडील पाटबंधारे खात्यात कालवा चौकीदार होते. उन्हाळ्यात कोणी विचारलं, 'काय राखताय तात्या?' तर म्हणायचे, 'सध्या तरी नुसता कालवा.'

तात्या गेले आणि आईला कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं. त्याबरोबर दर नोव्हेंबरात ती जिवंत असल्याचा पुरावा देणंही आलं. आधी सोपं होतं. बँकेत जायचं, साहेबानं चष्म्यावरून बघायचं, रजिस्टरवर अंगठा उमटवायचा, झालं. मग २०१४ पासून 'जीवन प्रमाण' आलं. यंत्रावर बोट ठेवायचं. यंत्र त्या रेषा आधारच्या नोंदीशी ताडून बघतं आणि तुम्ही आहात की नाही ते सांगतं. चांगली सोय आहे, मी नाकारत नाही. पण आमच्या आईचा जन्म खुरपण्यात, ज्वारी काढण्यात आणि राखेनं भांडी घासण्यात गेलेला. बोटावर रेषा राहिल्यात कुठं? देशातलं पहिलं आधार कार्ड २०१० साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिलं गेलं. कष्टानं बोटं झिजतात, हे तिथल्या कुठल्याही मजूर बाईनं फुकटात सांगितलं असतं.

तर आईची पेन्शन तीन महिने अडली. तिच्या रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या त्यातूनच यायच्या, आणि मुलाकडं पैसे मागायचे नाहीत हा तिचा बाणा. चौथ्या खेपेला काउंटरवरचा मुलगा म्हणाला, 'आजी, मशीन तुम्हाला घेत नाही.' आई रांगेकडं वळून म्हणाली, 'म्हंजे मी मेलेच म्हनायची. मंग दहाव्याला कावळा शिवला का न्हाई, त्ये बी इचार की तुझ्या मशिनीला!'

अख्खी रांग हसली. त्या मुलालाही हसू आवरेना. मग तो खुर्ची घेऊन बाहेर आला, आईला बसवलं, ओल्या फडक्यानं तिची बोटं पुसली आणि एकेक करत दहाही बोटं लावून बघितली. डाव्या हाताच्या करंगळीशेजारच्या बोटानं ती जिवंत निघाली. त्याआधी मी दोन अर्ज दिले होते. ते अजूनही तिथंच असतील.

यात आपण एकटे नाही बरं का. उत्तर प्रदेशात आझमगडकडचे लाल बिहारी नावाचे गृहस्थ आहेत. नातेवाइकांनी जमिनीसाठी त्यांना सरकारी कागदावर मारून टाकलं. १९९४ मध्ये कागदावर पुन्हा जिवंत होईपर्यंत या माणसानं नावापुढं 'मृतक' लावलं, 'मृतक संघ' काढला आणि बायकोसाठी विधवा पेन्शनचा अर्जही केला. २००३ साली त्यांना शांततेचा 'इग नोबेल', म्हणजे थट्टेतला नोबेल मिळाला. थट्टा म्हणा, पण त्या संघात जमलेल्या माणसांच्या जमिनी खऱ्या होत्या.

आई दोन वर्षांपूर्वी गेली. दाखला काढला, बँकेत दिला, पोच घेतली. आणि त्या नोव्हेंबरात तिच्या मोबाईलवर निरोप आला : हयातीचा दाखला मुदतीत सादर करा. धाकटीनं तो वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, 'दादा, कावळ्याची साक्ष चालंल का विचार.' आम्ही दोघं पोट धरून हसलो. तेराव्यापर्यंत डोळ्यांतून टिपूस न काढलेली माझी बहीण त्या दिवशी हसता हसता तासभर रडली. त्या मोबाईलचं रिचार्ज आम्ही अजून चालू ठेवलंय. कशाला, ते विचारू नका.

आता कामाचं. दिवाळीची सुट्टी आहे, म्हणजे नोव्हेंबर आहे. सकाळी चहाच्या वेळी पहिल्या रांगेतल्या सर-बाईंचा हाच विषय चालला होता, मी ऐकलाय. आयुष्यभर आमची हजेरी घेतलीत, आता तुमची लागत नाही, कारण खडूनं तुमचाही अंगठा खाल्लाय. तर २०२१ पासून चेहऱ्यावरून दाखला काढायची सोय आहे. जेवण झालं की आम्ही तिघं मोबाईल घेऊन जुन्या आठवी ब च्या वर्गात बसतोय. आधार कार्ड, पेन्शनचा पीपीओ नंबर आणि बँकेचं पासबुक एवढं घेऊन या. कॅमेऱ्यासमोर डोळे मिचकवावे लागतात. गणिताच्या सरांना एवढीच विनंती, की वटारू नका, यंत्राला ते चालत नाही.