धाब्याचें घर

बुलढाण्याहून राजूर घाट उतरला कीं मोताळ्याचा मुलूख लागतो. डोंगरांत काळा दगड आणि खालीं काळी जमीन. या दोहोंच्या मेळांतून येथील शेतकऱ्याचें जुनें धाब्याचें घर उभें राहिलें.

काळी माती पीक देते, परंतु घर पेलीत नाहीं. पावसांत ती फुगते, उन्हाळ्यांत भेगाळते. म्हणून जुना गवंडी मुरूम लागेपर्यंत पाया खणी, दगडी जोतें वर घेई आणि त्यावर दीड-दोन हात रुंदीची भिंत रची. तिच्या पोटांतच धान्याचें बळद आणि दिव्याची देवळी. छपराचा भार मुख्यतः तळखड्यांवर उभे केलेले लांकडी खांब आणि तुळया वाहत. तुळयांवर कडीपाट आणि त्यावर चोपून बसविलेल्या पांढऱ्या मातीचा जाड थर, हेंच धाबें. बेताचा उतार व कडेला पन्हळ असली कीं पावसाळा सुखानें निघे. वैशाखांतहि माजघर थंड राही. कारण एवढ्या जाड मातीदगडांतून दुपारची उष्णता आंत पोंचेपर्यंत दिवस कलत असे. इंग्लंडांतील कॉट्सवोल्ड टेकड्यांवरच्या शेतकऱ्यानेंहि जवळच्या चुनखडकाचेंच घर बांधलें. मात्र तेथें पाऊस बारमाही, म्हणून छप्पर तीव्र उताराचें.

अशा घराचीं मर्मस्थानें दोन. भिंतीच्या दोन्ही अंगांना दगड रचून मध्यें माती व कपच्या भरतात. हीं अंगें सांधणारे आरपार दगड ठिकठिकाणीं नसतील, तर ती एक भिंत नव्हे, शेजारीं उभ्या दोन भिंती होत. दुसरें मर्म धाब्याचें. पावसाळ्यापूर्वीं जुनी माती न खरवडतां दरसाल नवी टाकीत गेल्यास डोक्यावरचें ओझें वाढतच जातें.

३० सप्टेंबर १९९३ रोजीं पहाटे किल्लारीच्या भूकंपांत लातूर-उस्मानाबादकडील अशाच घरांखालीं हजारों माणसें दगावलीं. पुढें दगडी घराचीच धास्ती बसली. वस्तुतः घात केला तो न सांधलेल्या भिंतींनीं आणि धाब्याच्या भारानें.

आज जुन्या धाब्यांच्या जागीं सिमेंटच्या स्लॅबा येत आहेत. तरीहि ज्या श्रोत्यांचें वडिलार्जित घर गांवीं उभें असेल, त्यांनीं जाणत्या गवंड्याकडून धाब्यावरील जादा माती उतरवावी आणि स्थापत्यतज्ज्ञाच्या देखरेखीखालीं भिंतींत आरपार सांधे घालून घ्यावेत. पाडण्याचा विचार त्यानंतरचा.