पोचे पडलेला ड्रायर

(रौप्यमहोत्सवी वर्षाच्या स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘खेळाडू कसा घडतो’ यावर मी बोलावं असं समितीने सांगितलं. मी स्वतः कॅरमच्या पलीकडे काही खेळलेलो नाही, हे माझे पार्टनर सांगतीलच. पण आमचा मुलगा कॅनडात हॅलिफॅक्सला असतो. आम्ही दोघं सहा महिने तिथे राहून आलो, तेव्हा पाहिलेल्या एका वस्तूबद्दल बोलतो. ती वस्तू म्हणजे कपडे वाळवायचा ड्रायर.

हॅलिफॅक्सला त्या प्रांतातल्या खेळाडूंचं एक संग्रहालय आहे. तिथे हा पांढरा ड्रायर मांडून ठेवला आहे. सगळीकडे पोचे, काळे डाग. आमची ही म्हणाली, “अहो, भंगारवाल्यानेही घेतला नसता!”

हा ड्रायर सिडनी क्रॉस्बीच्या घरातला. सिडनी म्हणजे आइस हॉकीतला त्यांचा सचिन म्हणा ना. ७ ऑगस्ट १९८७ चा जन्म, हॅलिफॅक्सजवळच्या कोल हार्बर गावचा. वडील गोलकीपर, माँट्रियलच्या संघाने त्यांना १९८४ मध्ये निवडलं होतं, पण वरच्या लीगमध्ये खेळायला कधी मिळालं नाही. घराच्या तळघरात जाळी लावलेली, तिच्या मागे ड्रायर. बर्फावरच्या हॉकीत चेंडू नसतो, कडक रबराची जाड चकती असते. तिला पक म्हणतात. जाळीत न गेलेला प्रत्येक पक ड्रायरवर. लहान असल्यापासून वर्षानुवर्षं ठो-ठो चालू. आईवडिलांनी ड्रायर हलवला नाही आणि पोरालाही हलवलं नाही.

पण हे कौतुक घरातलं झालं, बाहेर तसं नव्हतं. चौदाव्या वर्षी तो मोठ्या मुलांच्या संघातून खेळला आणि ७४ सामन्यांत १९३ गुण केले. (तिथे गोल करणाऱ्याला एक गुण, आणि त्याच्यापर्यंत पक पोचवणाऱ्यालाही एक गुण. मला हे फार आवडलं.) मग काय व्हायचं? समोरच्या संघातली मुलं त्याला पाडायला टपलेली असत, ते एक वेळ समजू शकतो. पण त्या मुलांचे आईबाप कठड्यावरून त्याला शिव्या देत! स्पर्धेत दोन सामन्यांच्या मधल्या वेळात मुलं संघाची जर्सी घालून मिरवतात. हा मात्र ती घालत नसे, मोठ्या माणसांनी ओळखू नये म्हणून. चौदा वर्षांचं पोर हो.

शेवटी पंधराव्या वर्षी तो घर सोडून अमेरिकेत मिनेसोटातल्या एका निवासी शाळेत गेला. पुढच्या वर्षी क्यूबेकमधल्या रिमुस्की या गावी. गाव फ्रेंच बोलणारं, याची भाषा इंग्रजी. तिथल्या पद्धतीप्रमाणे एका कुटुंबाने त्याला घरी ठेवून घेतलं. तो फ्रेंचही शिकला. दोन मोसमांत ३०३ गुण केले.

२००४-०५ चा मोसम खेळाडू आणि मालक यांच्या भांडणात अख्खा रद्द झाला. त्यामुळे पहिली निवड कोणाची, यासाठी तिथल्या राष्ट्रीय लीगमधल्या सगळ्या तीस संघांच्या चिठ्ठ्या टाकल्या. नंबर पिट्सबर्गचा लागला. संघ तळाला गेलेला, खिसा फाटका. मारिओ लेम्यू हा एके काळचा थोर खेळाडू त्याचा मालकही होता आणि अजून खेळतही होता. त्याने काय केलं, तर सतरा-अठरा वर्षांच्या या पोराला हॉटेलात न ठेवता स्वतःच्या घरी, आपल्या चार मुलांत नेऊन ठेवलं. लेम्यू स्वतः १९८४ मध्ये नवखा म्हणून पिट्सबर्गला आला, तेव्हा तोही असाच एका कुटुंबात राहिला होता. सिडनी तिथे आला तो पाहुणा म्हणून, आणि राहिला २०१० पर्यंत!

पहिल्या मोसमात त्याने १०२ गुण केले. शंभर गाठणारा तो लीगमधला सर्वांत लहान खेळाडू. तरी संघ आपल्या विभागात शेवटचाच. नवोदिताचं बक्षीस रशियाच्या ओवेच्किनला गेलं. पंचांशी फार हुज्जत घालतो म्हणून टीका झाली. २००६ च्या ऑलिंपिकला कॅनडाने त्याला घेतलंच नाही. दुसऱ्या वर्षी १२० गुण करून तो लीगमध्ये पहिला आला. मोसमाच्या मध्येच कप्तानपद देऊ केलं होतं, ते त्याने घेतलं नाही. मोसम संपल्यावर, १९ व्या वर्षी घेतलं. २००८ ला अंतिम फेरीत डेट्रॉइटकडून हार. २००९ ला त्याच डेट्रॉइटला सातव्या सामन्यात हरवून स्टॅन्ली कप जिंकला. आपल्या बाविसाव्या वाढदिवशी तो कप घेऊन कोल हार्बरला आला, तेव्हा रस्ते माणसांनी भरून गेले होते. त्या गर्दीत पूर्वी कठड्यावरून ओरडणारे किती असतील, हा आपला माझा आगाऊ विचार.

आमचा नातू तिथे शनिवारी बर्फावर जातो. बहुतेक पडतोच. त्या हॉलच्या भिंतीवर एक बोर्ड आहे. ‘ही मुलं आहेत, हा खेळ आहे, प्रशिक्षक विनामोबदला येतात’ असं पालकांना उद्देशून लिहिलेलं. तो वाचताना मला आपल्या सोसायटीचा बोर्ड आठवला.

जुन्या सभासदांना माहीत आहे, मी सहा वर्षं सेक्रेटरी होतो. स्टिल्ट पार्किंगमधला ‘येथे खेळण्यास सक्त मनाई आहे’ हा बोर्ड माझ्या सहीच्या ठरावाने लागला. कारण तसं खरंच होतं, दोन गाड्यांच्या काचा फुटल्या होत्या. सी विंगमधला एक मुलगा डावखुरा, फार सुंदर खेळायचा. माझ्या गाडीच्या दारावर त्याच्या चेंडूने पोचा पाडला, म्हणून मी त्याच्या वडिलांना दोनशे रुपये दंडाचं पत्र पाठवलं. ते पैसे घेऊन आले, माफी मागितली. त्यानंतर तो मुलगा खाली दिसला नाही. मला वाटलं, चला, शिस्त लागली.

आज तो पुण्यात नोकरी करतो. गणपतीत भेटला तेव्हा मी विचारलं, खेळतोस का रे? हसून म्हणाला, “काका, मोबाईलवर.” त्या हसण्यावर मला काही बोलता आलं नाही.

तो खेळला असता तर मोठा झाला असता, असं मी म्हणत नाही. कोल हार्बरमध्येही एकच सिडनी निघाला. पण आमचा ठराव करताना मुलं कुठे खेळतील, हा प्रश्न सभेत कोणी विचारला नाही. मीही नाही.

तर समितीला माझी विनंती अशी. येत्या वार्षिक सभेत विषयपत्रिकेवर एक विषय घ्यावा: रविवारी चार ते सात सी विंगखालचा पट्टा मोकळा ठेवावा, तिथल्या नऊ गाड्या तेवढ्या वेळ बाहेर लावाव्यात आणि काचांसाठी जाळी बसवावी. जाळीचा खर्च मी देतो. पहिली गाडी माझी बाहेर निघेल, तिला पोचा आहेच. आणि तो बोर्ड उंचावर आहे, मला आता शिडीवर चढवत नाही. कोणी तरुण सभासदाने माझ्याबरोबर यावं, शिडी मी धरतो.

बराच वेळ घेतला. जेवणाची वेळ झाली आहे.