टिपवरचा टॅक्स माफ, मग भरणार कोण?

२०२४ च्या अमेरिकन निवडणुकीत ट्रम्प आणि कमला हॅरिस दोघंही म्हणत होते, वेटरच्या टिपवर इन्कम टॅक्स नको. मग फरक कुठे होता?

कोड रिव्ह्यूमध्ये मी फक्त बदललेल्या ओळी बघतो. इथेही तेच करू. कंपन्यांवरचा टॅक्स होता २१ टक्के. हॅरिसना तो २८ करायचा होता. ट्रम्प म्हणाले, अमेरिकेत माल बनवा, १५ च भरा. हॅरिस नवजात बाळाच्या आईवडिलांना ६,००० डॉलरची करसवलत देणार होत्या. ट्रम्प जवळपास सगळ्या आयात मालावर १० ते २० टक्के आणि चिनी मालावर ६० टक्के शुल्क लावणार होते.

आता गंमत बघा. आयातशुल्क हासुद्धा टॅक्सच आहे. तो सरकारकडे भरतो अमेरिकेतला आयातदार, चीन नाही. मग त्यातला बराच भाग दुकानातल्या किमतीत चढतो. पगाराच्या स्लिपवर तो दिसत नाही, पण ज्याचा जवळजवळ सगळा पगार सामानातच जातो, त्याला तो जास्त लागतो. म्हणजे त्याच वेटरला!

म्हणून उमेदवार कुठलाही असो, ‘काय माफ’ ऐकलंत की लगेच विचारा, ‘मग भरणार कोण?’ भेटू पुढच्या भागात.