रुग्णता निवृत्तिवेतनाचा नकार आणि शिक्षकाचा हक्क



मालवणच्या किनारपट्टीवर शाळेची वाट म्हणजे कोठे पुळण, कोठे जांभ्याची घाटी, तर कोठे वहाळावरचा साकव. एखाद्या गुरुजींस पक्षाघात झाला किंवा त्यांची दृष्टी गेली, म्हणजे ही नित्याची वाटच प्रथम परकी होते. पुढे वैद्यकीय मंडळाचा अभिप्राय येतो की, हे गृहस्थ वर्ग सांभाळू शकत नाहीत, परंतु बैठे काम करू शकतील. त्या एका ‘परंतु’वर बोट ठेवून कचेरी रुग्णता निवृत्तिवेतन नाकारते, आणि कामावर रुजूही करून घेत नाही. मग वेतन नाही व निवृत्तिवेतनही नाही, अशी अवस्था होते.

अशा वेळी वैतागून राजीनामा देण्याचा मोह होतो. तो कटाक्षाने टाळावा. महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 अन्वये राजीनाम्याने पूर्वीची सेवा सामान्यतः गमवावी लागते. वीस-पंचवीस वर्षांची पुण्याई एका सहीने घालवण्यात शहाणपण कसले?

वस्तुतः रुग्णता निवृत्तिवेतनासाठी सर्वच सरकारी सेवेस असमर्थ ठरावे लागते असे नाही. कर्मचारी सेवेच्या ज्या शाखेत आहे, त्या शाखेपुरती कायमची असमर्थताही पुरते. म्हणून अपिलात मंडळाच्या अभिप्रायातील शब्द जसेच्या तसे उतरवून तेथेच युक्तिवाद करावा. अभिप्रायच चुकीचा वाटत असेल, तर तज्ज्ञाचे प्रमाणपत्र जोडून फेरतपासणी मागावी.

बैठे काम शक्य आहे असेच कचेरीचे म्हणणे असेल, तर तिच्यावर दुसरे बंधन येते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या कलम 20 प्रमाणे सेवेत असताना दिव्यांगत्व आलेल्यास काढून टाकता येत नाही. त्यास त्याच वेतनश्रेणीत दुसरे पद द्यावे, आणि ते नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवावे, असा दंडक आहे. 1995 च्या जुन्या कायद्यातही तो होता. पंजाब वीज मंडळातील भगवान दास हे कामगार 1994 मध्ये अंध झाले व त्यांनी स्वतःच निवृत्ती मागितली. तरीही सर्वोच्च न्यायालयाने 2008 मध्ये त्यांच्या बाजूने निर्णय दिला. कर्मचाऱ्यास त्याचा हक्क समजावून सांगणे हे अधिकाऱ्यांचेच काम होते, असे न्यायालयाने बजावले. हा निर्णय प्रत्येक केंद्रशाळेच्या दप्तरी असावा.

नकार नेहमी लेखी व सकारण मागावा. तोंडी नकारावर अपील उभे राहत नाही. कागद न मिळाल्यास माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा. त्याची मुदत तीस दिवसांची आहे. कलम 20 चा भंग झाल्यास कार्यालयाच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे तक्रार नोंदवावी. तिची चौकशी दोन आठवड्यांत व्हावयास हवी; तेथे समाधान न झाल्यास जिल्हास्तरीय समिती आहे, आणि पुण्यास दिव्यांग आयुक्तही आहेत. न्यायालयात जाण्याचीच वेळ आली, तर ऑगस्ट 2025 पासून सिंधुदुर्गाची प्रकरणे मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर येथील खंडपीठापुढे चालतात. मुंबईचा हेलपाटा तेवढा वाचला.

अंथरुणास खिळलेल्या माणसाकडून हे कागद जमत नाहीत. त्यांचे सेवापुस्तक, रजेचा हिशेब आणि प्रमाणपत्रांच्या प्रती मुख्याध्यापकांनी आजारपणाच्या पहिल्या महिन्यातच एकत्र करून ठेवाव्यात, आणि प्रत्येक अर्जाची पोच त्यांच्या घरी नेऊन द्यावी.