आम्ही दोघी जावा आणि रानातले पक्षी

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे 'पक्षीनिरीक्षण' असा भारदस्त शब्द छापलेला पाहून मीच जरा बिचकले. काल भाजीबाजारात आपल्यापैकीच एकीने मला विचारले, "पक्षी बघायचे म्हणजे हो काय करायचे? कावळा तर रोज पोळ्यांच्या वेळेला खिडकीत येतोच." मी म्हटले, कावळ्यापासूनच सुरुवात करायची. थट्टेने नव्हे, खरेच सांगितले. पण आज पक्ष्यांकडे वळण्याआधी थोडे घरचे सांगावे लागणार, कारण माझ्या या वेडाचा उगम पुस्तकात नाही, नळावरच्या भांडणात आहे.

माझ्या थोरल्या जाऊबाई समोर दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आम्ही घरात त्यांना अक्का म्हणतो. त्यांना विचारूनच ही हकिगत सांगते आहे. त्या म्हणाल्या, "सांग, पण माझी बाजूही सांग."

जुन्या मंडळींना बोरिवली पूर्वेची आमची बैठी घरे आठवत असतील. दोन भाऊ, दोन बिऱ्हाडे, मोरी मात्र एक आणि नळही एकच. पाणी पहाटे साडेचारला यायचे आणि तासाभरात जायचे. 1988 च्या मे महिन्यातली गोष्ट. माझ्याकडे पाहुणे होते. नळाखाली हंडा लावून मी चहाचे आधण ठेवायला आत गेले. परत येऊन पाहाते तो माझा हंडा बाजूला आणि अक्कांची कळशी नळाखाली! अक्कांची बाजू अशी की, माझा हंडा भरून वाहत होता आणि पाणी फुकट चालले होते. माझी बाजू अशी की, हंडा भरलेला नव्हता. या मुद्द्यावर आमचे अजून एकमत झालेले नाही. पण त्या वेळी मी जे बोलले ते बोलायला नको होते. मी म्हटले, "तुमच्या माहेरच्या विहिरीला पाणी नव्हते वाटते, म्हणून ही हाव!"

बाईमाणूस नळावरचे शब्द विसरते, पण माहेराला लावलेला शब्द विसरत नाही. त्या दिवसापासून अक्का माझ्याशी बोलल्या नाहीत. मीही मानी. सणावारी एकाच ओट्यावर पुरणपोळ्या केल्या, पण तवा तापल्याचे मुलांच्या तोंडून कळवले. पुढे घरे पाडून इमारत झाली, एकाच मजल्यावर समोरासमोर जागा मिळाल्या. दारे समोरासमोर आली एवढेच. बाकी काही बदलले नाही. अशी सोळा वर्षे गेली.

2004 साली मृग नुकता लागला होता. पहाटे जिन्याजवळ कावळ्यांचा कालवा ऐकून मी दार उघडले. त्याच वेळी समोरचेही दार उघडले. मध्ये फरशीवर एक पक्षी बसला होता. असा पक्षी मी जन्मात पाहिला नव्हता. हिरवी पाठ, खांद्यावर झळझळीत निळा डाग, पोट फिकट पिवळसर, शेपटीखाली कुंकवासारखा लाल आणि डोळ्यांवरून काळी पट्टी. शेपूट म्हणावी तर नावालाच. मला वाटले, कोणाच्या पिंजऱ्यातून सुटला असावा. कावळे गजांतून आत मान घालत होते. अक्कांनी भाजीची टोपली आणून अलगद त्याच्यावर पालथी घातली आणि म्हणाल्या, मला नव्हे, त्यालाच, "पावसाबरोबर आलास होय रे?"

मी घरातून चपलांचे रिकामे खोके आणले, सुरीने त्याला भोके पाडली. तासभर ते अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवले. मग प्रश्न आला, आता पुढे काय? न बोलता दोघी रिक्षात बसलो. खोके अक्कांच्या मांडीवर, भाडे माझ्या मुठीत. राष्ट्रीय उद्यानाच्या फाटकावरच्या रखवालदाराने भोकातून पाहिले आणि सांगितले, "नवरंग आहे. दरसाल या दिवसांत येतो. आत ओढ्याकाठी सावलीत सोडा." आम्ही आत चालत गेलो, झाडीत झाकण उघडले. मिनिटभर तो तसाच बसून राहिला, मग टुणकन खाली उतरला आणि पाचोळ्यात दिसेनासा झाला.

परत फिरलो. दहा पावले गेल्यावर अक्का थांबल्या आणि म्हणाल्या, "शीळ ऐकलीस?"

सोळा वर्षांतले त्यांचे ते पहिले वाक्य. मी शीळ ऐकली नव्हती. पण "हो" म्हटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला माझी घंटा वाजली. दारात अक्का, पायांत कॅनव्हासचे बूट. "चल, आज ऐकू येते का बघू."

नवरंगाविषयी मागाहून वाचले. हिवाळ्यात तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत असतो, आणि पावसाच्या सुमाराला विणीसाठी वर येतो. प्रवास रात्रीचा. त्यामुळे थकून शहरातल्या गच्च्यांत आणि जिन्यांत पडलेला सापडतो आणि कावळे त्याला टोचून मारतात. आम्ही केले ते त्या वेळी सुचले म्हणून केले. तुम्हांला असा पक्षी सापडला तर खोक्यात घालून अंधारात ठेवा, तोंडात पाणी ओतू नका, आणि वनखात्याला 1926 या क्रमांकावर कळवा.

तेव्हापासून आमच्या सकाळच्या फेऱ्या सुरू झाल्या. मुलाने मला सलीम अलींचे पक्ष्यांचे पुस्तक आणून दिले. त्याची पहिली आवृत्ती 1941 सालची. आता वादाला नवे विषय मिळाले. मी पुस्तकात पाहून म्हणावे 'भारद्वाज', तर अक्का म्हणायच्या, "कसला भारद्वाज? कुंभारकावळा तो." त्यांचे माहेर अलिबागेजवळ किहीमचे. लहानपणी वाडीत हिंडून त्यांनी पक्षी कानाने ओळखायला शिकून घेतले होते. मला मात्र डोळ्यांनी दिसल्याशिवाय पटत नसे. टुक् टुक् टुक् असा एक आवाज मी कित्येक वर्षे शेजारच्या इमारतीचा पंप समजत होते. अक्कांनी पिंपळाच्या शेंड्याकडे बोट दाखवले. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवा, कपाळावर लाल टिळा असलेला तांबट तिथे बसून आपले भांडे ठोकत होता. हिवाळ्यात स्वर्गीय नर्तक येतो. पांढराशुभ्र नर, काळेभोर डोके आणि शेपटीला दोन लांब फिती. झाडीतून तो उडत गेला की कोणी रेशमाचा धागा ओढत नेल्यासारखे वाटते. पावसात ओढ्याच्या बाजूला शीळकरी कस्तूर गातो, तेव्हा शाळा बुडवून एखादा पोरगा शीळ घालत चालला आहे असा भास होतो. मी पहिल्यांदा खरोखरच वळून पाहिले होते.

एके दिवशी मी अक्कांना म्हटले, "मुंबईत हातभर जागेला एवढी किंमत, मग हे रान उरले कसे?" त्या म्हणाल्या, "तू पुस्तके वाचतेस ना? शोध."

शोधले, आणि जे सापडले ते नळावर भांडलेल्या बाईला लाजवणारे होते. हे रान पाण्यासाठी उरले आहे. एकोणिसाव्या शतकात मुंबईची वस्ती वाढली, विहिरी आणि तलाव पुरेनात. तेव्हा 1856 साली साष्टीच्या डोंगरात विहार तलावाचे काम सुरू झाले आणि 1860 साली त्याचे पाणी नळाने शहरात आले. त्यापूर्वी मुंबईत घरात नळ ही गोष्टच नव्हती. मागोमाग 1879 मध्ये तुळशी तलाव पुरा झाला. पाणी स्वच्छ राहायचे तर ज्या डोंगरांवरून ते वाहत येते तिथे वस्ती, शेती आणि गुरे नकोत, म्हणून भोवतालची जमीन राखून ठेवली गेली. त्या राखलेल्या पाणलोटाभोवतीच आजचे राष्ट्रीय उद्यान उभे आहे. सुमारे 104 चौरस किलोमीटरचे रान, आणि त्यात अडीचशेहून अधिक जातींचे पक्षी. आज मुंबईचे बहुतेक पाणी भातसा, वैतरणा अशा दूरच्या धरणांतून येते, तुळशी-विहारचा वाटा अगदी थोडा. तरी त्या दोन तलावांना कुलूप आहे, परवानगीवाचून जाता येत नाही. मला पूर्वी याचा राग येत असे. आता वाटते, बरे आहे कुलूप.

कान्हेरीच्या भिक्षूंचेही मला यासाठीच कौतुक वाटते. बहुतेक गुंफांजवळ त्यांनी खडकात टाकी कोरली आहेत आणि डोंगरावरचे पावसाचे पाणी पन्हळींनी त्यांत आणले आहे. पाण्याची पाळी त्यांनी कशी लावली असेल कोण जाणे!

पवईचे मात्र वाईट वाटते. तो तलावही पिण्यासाठीच बांधला, 1891 मध्ये पुरा झाला. पण पाणी पिण्याजोगे निघाले नाही. जे आपण पीत नाही त्याची आपण राखण करीत नाही. सांडपाणी तिथे गेले, जलपर्णी माजली. तरीही पक्षी आहेत. तिथे रस्त्याच्या कडेला उभे राहून दुर्बिणीने आम्ही कमळपक्षी पाहिला. लांबच लांब बोटे पसरून तो पानांवरून असा चालतो की पान बुडत नाही. आणि यांच्या घरची रीत ऐका. मादी अंडी घालते आणि दुसऱ्या नराकडे जाते. अंडी उबवायची आणि पिले सांभाळायची ती बापाने. हे मी घरी सांगितले तेव्हा आमच्या घरच्यांनी वर्तमानपत्र जरा वर धरले.

सुगरणीचे तर त्याहून मौजेचे आहे. बहिणाबाईंच्या कवितेमुळे सुगरणीचा खोपा आपल्या सगळ्यांच्या मनात आहे. पण तो खोपा विणतो नर! अर्धा विणून झाला की माद्या येऊन आत-बाहेर पाहणी करतात. एखादीला पसंत पडला तर ती त्यात बसते आणि मग तो पुरा करतो. आतले मऊ अस्तर ती घालते. ती अंडी उबवू लागली की हे गृहस्थ शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी. हे सलीम अलींनी बारकाईने पाहून लिहिले. 1930 साली ते जर्मनीहून शिकून परतले, तर मुंबईच्या संग्रहालयातली त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. नोकरी नाही, म्हणून पत्नी तेहमिना यांच्यासह ते समुद्रकाठच्या एका गावी जाऊन राहिले, आणि तिथे घराजवळच सुगरणींची वसाहत होती. गाव कोणते? किहीम.

मी ते वाचले आणि पुस्तक घेऊन समोरच्या दारी गेले. अक्कांनी चष्मा लावून दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "आमच्या विहिरीवरसुद्धा असायचे खोपे." सोळा अधिक पाच वर्षांत 'विहीर' हा शब्द आमच्यात पहिल्यांदाच आला. मी खाली पाहिले. त्या म्हणाल्या, "श्रावणात जाऊ. तेव्हा विणतात."

2009 च्या श्रावणात आम्ही गेलो. पावसाळ्यात लाँच बंद, म्हणून पनवेल-पेणवरून एस.टी.ने. अक्कांच्या भावाच्या वाडीत, मागच्या अंगाला ती विहीर. वर शिंदीचे झाड कललेले आणि त्याच्या झावळ्यांना वीस-बावीस खोपे लोंबत होते. पिवळ्या टोप्या घातलेले नर चोचीत हिरवे धागे घेऊन नुसते चिवचिवत होते. काही खोपे पुरे, काही अर्धे सोडलेले; नापसंत झाले असणार. मी दुर्बीण लावून बसले. किती वेळ गेला कळले नाही. मग दुर्बीण खाली केली तेव्हा कुठे विहिरीकडे लक्ष गेले. पाणी काठाला लागले होते. हात घातला तर पोचावा.

अक्कांनी कळशी बुडवली, वर काढली आणि माझ्यापुढे धरली. "घे. पी."

मी ओंजळ केली. दोघीही काही बोललो नाही. त्या भांडणाविषयी आम्ही आजतागायत बोललेलो नाही. आज इथे मी बोलते आहे, तेवढेच.

आता कामाचे. मागच्या वर्षी मंडळाची सहल उद्यानात गेली होती, ती आठवते ना? तीस-पस्तीस जणी, अंताक्षरी, आणि ढोकळ्याचा डबा माकडाने पळवला. पक्षी दिसले ते कावळेच. दोष माझाच, आधी सांगायला हवे होते. या खेपेला शनिवारी सकाळी सहा वाजता आमच्या इमारतीखाली जमायचे. सहा-सात जणीच, बाकीच्या पुढच्या शनिवारी. मातकट किंवा हिरव्या रंगाची साडी किंवा पंजाबी ड्रेस, पायांत बूट. डबा बंद, माकडांना काही घालायचे नाही. बिबट्या दिसेल का, असे तिघींनी विचारले आहे. आम्हांला आजवर कधी दिसला नाही. त्याने आम्हांला पाहिले असेल. दुर्बीण एकच आहे, पाळीने देईन. ज्यांना जास्त शिकायचे असेल त्यांनी गोरेगावला चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे केंद्र आहे तिथे जावे. 1883 साली स्थापन झालेली ही संस्था, पण नवख्या माणसाला हसत नाहीत.

अक्कांचे मोतीबिंदूचे शस्त्रक्रियेनंतर एका डोळ्याला अजून नीट दिसत नाही, आणि मला डाव्या कानाने कमी ऐकू येते. त्या "उजवीकडे, खाली" म्हणतात आणि मी पाहून रंग सांगते. नवरंगाची शीळ आता मला ओळखू येते. दोन सुरांची असते. अक्का अजून विचारतात, "त्या दिवशी खरेच ऐकली होतीस का गं?"

त्या आता घड्याळ दाखवताहेत. चहा झाला आहे वाटते. येते मी. नमस्कार.