तूर शेंगेत, पैसे मनात



परवा येळवस झाली. आपण सारे शेतात गेलो. कोपीत पांडवांची पूजा केली, भज्जी खाल्ली, आंबील प्यालो. जेवणानंतर एकच बोलणे निघाले. तूर यंदा एकरी किती होईल? भाव काय मिळेल? कुणी दहा सांगितले, कुणी बारा. ते ऐकून आम्हाला आमची जुनी चूक आठवली. तीच आज सांगतो.

२०१५ साली पावसाने दगा दिला. तूर कमी पिकली. तूरडाळ किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली. तो भाव पाहून २०१६ च्या पावसाळ्यात जो तो तूर पेरू लागला. आम्हीही तीन एकर पेरली. पाऊस चांगला झाला. झाडे शेंगांनी वाकली.

त्या येळवशीला आम्ही बांधावर बसून हिशेब केला. एकरी आठ क्विंटल, म्हणजे चोवीस क्विंटल. भाव दहा हजार. झाले दोन लाख चाळीस हजार! आमच्या घरातून म्हणणे पडले, "शेंगा अजून वाळल्या न्हाईत, अन् तुमी पैशे मोजायलाव!" आम्ही ऐकले नाही. आडत्याकडून ऐंशी हजारांची उचल घेतली आणि बोअर पाडला.

रास झाली. तूर भरली पंधरा क्विंटल. बाजारात भाव निघाला बेचाळीसशे. हाती आले त्रेसष्ट हजार. सतरा हजार देणे अंगावरच राहिले.

असे का झाले? आपण पेरली तशी साऱ्या देशाने पेरली होती. आदल्या वर्षी देशात सुमारे २५ लाख टन तूर झाली होती. त्या वर्षी ती ४८ लाख टनांवर गेली. शिवाय परदेशातूनही आली. सरकारचा हमीभाव ५,०५० रुपये होता. पण खरेदी केंद्रांवर रांगा लागल्या, बारदाना संपला. ज्यांना थांबता आले ते थांबले. आमच्या डोक्यावर उचल होती. आम्हाला थांबता आले नाही.

मंडळी, चुका दोन झाल्या. पीक डोळ्यांनी मोजले आणि भाव गेल्या वर्षाचा धरला. गेल्या वर्षाचा भाव गेल्या वर्षाबरोबर गेला.

मग करावे काय? काढणीच्या चार दिवस आधी शेतात दोरी घेऊन जा. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद जागा मोजा. हा झाला एक गुंठा. अशा तीन जागा घ्या; एक चांगली, एक हलकी, एक मधली. तिन्ही कापा, वाळवा, झोडपा आणि वेगवेगळे वजन करा. समजा चौदा, दहा आणि बारा किलो भरले. बेरीज छत्तीस. तीनने भागले की गुंठ्याला बारा किलो. एकरात चाळीस गुंठे. बारा गुणिले चाळीस, म्हणजे चार क्विंटल ऐंशी किलो. हे खरे पीक!

आता भाव. बाजार समिती तीन भाव सांगते: किमान, कमाल आणि सर्वसाधारण. आपली नजर कमालवर जाते. हिशेबाला सर्वसाधारण धरा. त्यातून काढणी, मळणी, गाडीभाडे, हमाली वजा करा. घरच्या डाळीचे आणि बियाण्याचे आधी बाजूला काढा. उरेल तेवढ्यावरच बेत करा.

पैशाची नड असली तरी सारा माल एकदम विकावा लागतो असे नाही. राज्याच्या पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. ती चालवणाऱ्या बाजार समितीच्या गोदामात वाळवलेली, स्वच्छ तूर ठेवली, तर किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळते. त्यावर व्याज पडते, हेही लिहून ठेवा. थांबले म्हणजे भाव वाढतोच असेही नाही. पण विकायचे की थांबायचे, हे मग आपण ठरवतो, उचल ठरवत नाही.

आता तुम्हाला आकडे मांडता येतात. आज घरी जा, पाटी घ्या आणि हिशेब घरधनिणीसमोर मांडा. तिने शंका काढली, तर पुन्हा मोजा. आम्ही मोजले नव्हते.

रामराम.