कचऱ्याची वाटणी

(ज्ञातिमंडळाच्या पुणे येथील वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



वार्षिक संमेलन म्हटले की विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरसूचक मंडळाचा अहवाल आणि शिष्यवृत्ती निधीचे आवाहन हे विषय व्हावयाचेच. त्यांच्या पंक्तीत कचऱ्याचे पान मांडण्याचे चिटणिसांनी ठरविले आणि ते काम मजसारख्या निवृत्त प्राथमिक शिक्षकावर सोपविले, याचे काहींना नवल वाटले असेल. परंतु घरून निघालेल्या पाहुण्यास 'पोचल्याचे कळवा' असे बजावणारे आपण, कचऱ्याची गाडी कोपऱ्यावर वळली की निश्चिंत होतो. ती कोठे पोचते, हे कोणी विचारीत नाही.

पुणे शहराचा कचरा एके काळी कोथरूडच्या डेपोवर पडत असे. वस्ती वाढून कोथरूड शहरात आले, तेव्हा कचरा शहराबाहेर उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या हद्दीत जाऊ लागला. तेथे ओले-सुके एकत्र कुजून जो काळा रस झिरपला, त्याने भोवतालच्या विहिरींचे पाणी नासले. 2017 च्या एप्रिल महिन्यात डेपोस आग लागली, ग्रामस्थांनी गाड्या अडविल्या, आणि सुमारे तीन आठवडे शहरातील चौकाचौकांत ढीग साचले. आपल्यापैकी अनेकांनी तेव्हा नाकास रुमाल लावून संताप व्यक्त केला. फुरसुंगीकरांनी तो वास किती वर्षे सोसला, याचा हिशेब मात्र थोड्यांनीच केला.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, अशी आपली म्हण आहे. त्या म्हणीतला उकिरडा म्हणजे शेण, राख, पालापाचोळा आणि खरकटे. मृग लागण्यापूर्वी तो उपसून शेतात टाकीत, आणि त्याचेच पीक होई. आजच्या ढिगाचा पांग बारा काय, पन्नास वर्षांनीही फिटावयाचा नाही. कारण त्यात भाजीच्या देठांबरोबर प्लास्टिकची पिशवी, औषधाची बाटली आणि बॅटरीचे सेल कालविलेले असतात. निरनिराळे ठेवले तर यांपैकी बहुतेक पदार्थांस किंमत आहे. एकत्र केले की सर्वांचीच माती होते, आणि तीही चांगली माती नव्हे.

हे कालविण्याचे काम आपल्या स्वयंपाकघरात होते. मग ते निवडण्याचे काम कोणाच्या वाट्यास येते? येथे, ज्ञातीच्या व्यासपीठावरून, मला स्पष्ट बोलणे भाग आहे. पुण्यात कचरा वेचणाऱ्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत, आणि त्यांतही बहुसंख्य दलित समाजातील आहेत. हा योगायोग नव्हे. आपण एका ज्ञातीचे लोक एकत्र जमून आपल्या उन्नतीचा विचार करतो, ते ठीकच आहे. परंतु आपल्या घरची घाण विशिष्ट ज्ञातीच्या हातांनीच उचलावी, ही समजूत आपण आजही दाराबाहेरच्या डब्यात रोज ठेवीत आहोत. या स्त्रियांनी 1993 साली 'कागद, काच, पत्रा कष्टकरी पंचायत' ही आपली संघटना उभी केली. डॉ. बाबा आढाव यांचे मार्गदर्शन तिला लाभले. पुढे 2008 मध्ये 'स्वच्छ' या त्यांच्याच सहकारी संस्थेशी महापालिकेने करार केला आणि त्या घरोघर जाऊन कचरा घेऊ लागल्या. घरटी मिळणारे मासिक शुल्क आणि सुक्या मालाची विक्री, यांवर त्यांचा प्रपंच चालतो. आमटी सांडलेला कागद दुकानदार घेत नाही. कोरड्या कागदाचे पैसे देतो. तेव्हा आपण डबा कसा भरतो, यावर दुसऱ्या एका घरची चूल अवलंबून असते. शुल्क देताना दोन महिने 'पुढच्या वेळी या' म्हणणारी सुस्थित घरे मी पाहिली आहेत. त्यांविषयी अधिक बोलत नाही.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. 2016 च्या केंद्रीय नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक अशी कचऱ्याची त्रिविध वाटणी प्रत्येक घरास सांगितली. नियम नसता तरी शहाण्या गृहिणीने हीच केली असती.

शहरी घरच्या कचऱ्यात निम्मा किंवा अधिक भाग ओला असतो, आणि तो घराबाहेर जाण्याचे वस्तुतः कारणच नाही. भोके पाडलेले दोन जुने डबे किंवा मातीच्या कुंड्या घ्याव्यात. तळाशी वाळलेली पाने, वर देठे-साली, पुन्हा पाने, असे थर द्यावेत. आरंभी थोडे शेणाचे पाणी किंवा आंबट ताक शिंपडले की काम लवकर सुरू होते. पिळलेल्या फडक्याइतकाच ओलावा असावा. वास आला तर पाणी अधिक झाले असे समजून कोरडी पाने घालावीत आणि ढवळावे. एक कुंडी भरली की ती झाकून दुसरी वापरावी. दुसरी भरेपर्यंत, म्हणजे सुमारे दोन महिन्यांत, पहिलीत काळे भुसभुशीत खत तयार होते. त्यास पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो. लिंबाच्या साली हळू कुजतात, तेलकट रस्सा घालू नये. ज्यांना गच्ची नाही त्यांनी सोसायटीत मिळून एक हौद करावा.

सुक्या कचऱ्याविषयी आपल्या आजीला कोणी व्याख्यान द्यावे लागले नाही. जुन्या लुगड्यांवर बोहारणीशी तासभर घासाघीस करून ती पातेले मिळवी. रद्दीवाला, भंगारवाला ही मंडळी आजही आहेत. दुधाची पिशवी विसळून वाळविली तर विकली जाते. मात्र कापताना तिचा कोपरा अर्धवट जोडलेलाच ठेवावा, कारण सुटलेला इवलासा तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही आणि गटारात जातो. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून वेगळी सांगून द्यावी. वेफरच्या चकचकीत पिशव्यांत निरनिराळे पदर चिकटविलेले असतात, म्हणून त्या सहसा कोणी घेत नाही. त्यांवर उपाय एकच, कमी आणणे.

तिसरा भाग नाजूक आहे. मुलांचे लंगोट आणि स्त्रियांचे पॅड कागदात गुंडाळून वर तांबडा ठिपका करावा, असे कचरा वेचणाऱ्या भगिनींनीच शहरास विनविले. पुडी न उघडता ओळखता यावी, एवढीच त्यांची मागणी आहे. पेन्सिल घरात असतेच. इंजेक्शनच्या सुया, ट्यूबलाइट, सेल वेगळे द्यावेत. जुने मोबाइल आणि तारा, तांब्यासाठी जाळणाऱ्याच्या हाती न देता, अधिकृत संकलन केंद्राकडे द्याव्यात. इन्व्हर्टरची बॅटरी नवी घेताना जुनी दुकानदारच परत घेतो.

आपल्यातील व्यावसायिकांस दोन शब्द. खानावळ, फरसाणाचे दुकान चालविणाऱ्यांनी वारंवार तापविलेले तेल मोरीत ओतू नये आणि स्वस्तात गाडीवाल्यासही विकू नये. 2018 पासून अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा तेलास मर्यादा घातली असून ते गोळा करून जैवइंधन करणारे परवानाधारक आहेत. गॅरेजच्या काळ्या ऑइलचेही तसेच. शिवणकाम करणाऱ्यांनी सुती चिंध्या निराळ्या ठेवल्यास यंत्रे पुसण्यासाठी गिऱ्हाईक मिळते.

राहिले आपले मंगल कार्यालय. पूर्वी पंगत उठली की पत्रावळी गुरांपुढे किंवा खड्ड्यात जात. मध्यंतरी थर्माकोल आले. 2018 साली महाराष्ट्र शासनाने त्याच्या ताट-वाट्यांस बंदी घातली, तरी प्लास्टिकचे आवरण चढविलेले कागदी द्रोण अजून आपल्या वाढप्यांच्या हाती दिसतात. लग्नाच्या एका जेवणावळीतून जे खरकटे निघते, ते अनेक कुटुंबांच्या महिन्याच्या कचऱ्याहून अधिक असते. म्हणून कार्यकारी मंडळापुढे मी तीन गोष्टी लेखी ठेवल्या आहेत. कार्यालयाच्या मागील मोकळ्या जागेत खताचे दोन हौद बांधावेत. कार्यालय भाड्याने देताना स्टीलची ताटे किंवा पानांच्या पत्रावळी यांखेरीज काही वापरू नये, अशी अट पावतीवरच छापावी. आणि कचरा नेणाऱ्या भगिनींचे शुल्क कार्यालयाने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, न मागता, द्यावे. हौदांच्या खर्चाचा अंदाज गवंड्याकडून घेऊन तो चिटणिसांकडे दिला आहे. ज्यांना वर्गणी द्यावयाची आहे त्यांनी आज भोजनोत्तर त्यांच्याकडे नाव नोंदवावे. आणि ज्यांना वर्गणी देणे शक्य नाही, पण रविवारी सकाळी दोन तास घमेले उचलणे शक्य आहे, त्यांचीही नावे तेच लिहून घेतील.